एएनबी सहा अंश आला, मग काय? लॅटरल सेफवरून जबड्यांचा मेळ मोजण्याची रीत

बार्शी, अक्कलकोट, मोहोळहून सोलापूरला दातांना तारा बसवायला येणारी बरीच मुलं हातात एक पाकीट घेऊन येतात. पाकिटात डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे (लॅटरल सेफॅलोग्राम, बोलीत ‘सेफ’) असतो आणि सोबत सॉफ्टवेअरने छापलेला कागद: एसएनए इतका, एसएनबी इतका, एएनबी ६ अंश, खाली ‘स्केलेटल क्लास टू’ असा शेरा, म्हणजे खालचा जबडा वरच्याच्या मानाने मागे. (मेळ बरोबर असेल तर क्लास वन, खालचा पुढे असेल तर क्लास थ्री.) आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असतात, त्यामुळे ते पक्के वाटतात. पण एएनबी, म्हणजे दोन्ही जबड्यांतला पुढे-मागे फरक सांगणारा कोन, तीन ठिपक्यांवर उभा असतो. ते ठिपके कुणी, कोणत्या सावलीवर ठेवले हे कागद सांगत नाही.

ऑर्थोडॉन्टिक्स शिकणाऱ्या आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या दंतवैद्यांसाठी ही रीत इथे क्रमाने दिली आहे. रोजचं काम सॉफ्टवेअरवर केलं तरी पहिली पन्नास ट्रेसिंग (एक्स-रेवर पारदर्शक कागद ठेवून हाडांच्या कडा उतरवणं) हाताने करावीत असं आमचं ठाम मत आहे. पेन्सिलीने हाडाची कड शोधल्याशिवाय मशीनने ती कुठे चुकवली हे कळत नाही.

एक्स-रे काढतानाच अर्धी मोजणी होते

१९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे डोकं एका जागी पक्कं धरून, ठरावीक अंतरावरून एक्स-रे काढायची पद्धत मांडली. त्यातलं ‘ठरावीक’ हेच महत्त्वाचं. एक्स-रे नळीपासून डोक्याच्या मध्यरेषेपर्यंत ५ फूट, म्हणजे सुमारे १५२ सेंमी अंतर ठेवतात. मध्यरेषेपासून फिल्म किंवा सेन्सर १५ सेंमीवर असेल तर चित्र १६७ भागिले १५२, म्हणजे सुमारे १० टक्के मोठं येतं. कोनांना या वाढीने फरक पडत नाही, कारण वाढ सगळीकडे सारखी असते. मिलिमीटरमधल्या मापांना मात्र पडतो, आणि हे पुढे विट्स हे जबड्यांमधलं मिमीतलं माप घेताना आठवावं लागेल.

मशीनपुढे उभं करण्याआधी चष्मा, केसातल्या पिना, गजऱ्याची क्लिप, झुबे, भिकबाळी, मोरणी, गळ्यातलं सगळं काढायला सांगावं. मोरणी घट्ट बसलेली असते म्हणून ‘राहू द्या’ म्हणण्याचा मोह होतो. कानातल्याची सावली नेमकी खालच्या जबड्याच्या उभ्या भागावर किंवा सांध्याजवळ पडते, आणि मग गोनिऑन (जबड्याचा मागचा कोपरा) आणि कोंडाईल (सांध्याचं डोकं) अंदाजाने ठेवावे लागतात.

डोकं कसं असावं? इअर रॉड, म्हणजे डोकं धरणाऱ्या कांड्या, दोन्ही कानांत बसवावेत, पण दाबून डोकं उचलू नये. फ्रँकफर्ट रेषा, म्हणजे कानाच्या छिद्राच्या वरच्या कडेपासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंतची रेषा, जमिनीला समांतर हवी. त्याहून चांगलं म्हणजे समोर डोळ्यांच्या उंचीवर आरसा लावून मुलाला स्वतःच्याच डोळ्यांत बघायला सांगावं. डोकं आपसूक आपल्या स्वाभाविक स्थितीत येतं. ओठ सैल असावेत. पुढचे दात लपवायला मुलं ओठ ताणून मिटतात, आणि मग मऊ भागाचं माप खोटं येतं.

सगळ्यात जास्त घोटाळा चाव्याचा होतो. ‘दात मिटा’ म्हटलं की मूल पुढचे दात पुढच्या दातांना टेकवतं, म्हणजेच खालचा जबडा पुढे सरकवतं. आपल्याला मागच्या दाढा नेहमीच्या जागी मिटलेल्या हव्या असतात. सोलापुरात हे समजवायला एक सोपी खूण आहे: कडक भाकरीचा तुकडा मागच्या दाढांखाली मोडतो तेव्हा दाढा जशा बसतात तशा बसव. मग आवंढा गिळायला सांगून तिथेच थांबवावं. ज्यांना सवयीने जबडा पुढे घेऊन बोलायची खोड असते त्यांचा खरा चावा एक्स-रेआधी खुर्चीवरच तपासावा, शंका असेल तर मेणाचा चावा घेऊन तोच तोंडात ठेवून एक्स-रे काढावा. पुढे सरकलेल्या जबड्यावर काढलेला सेफ क्लास टू रुग्णाला क्लास वन दाखवतो. पुढच्या दातांची उलटी गाठ सोडवायला जबडा पुढे ढकलणाऱ्या मुलाचा सेफ त्याला असतो त्यापेक्षा भारी क्लास थ्री दाखवतो.

डोस काही मायक्रोसीव्हर्ट एवढाच असतो. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी सुमारे २४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतात, त्याच्या तुलनेत हा नगण्य आहे. तरीही ‘बघूया काय दिसतं’ म्हणून सेफ काढू नये, उपचाराचा निर्णय त्यावर ठरणार असेल तरच काढावा. मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते.

फिल्म हातात आली, आधी काय बघायचं

मोजायला घाई करू नये. दोन्ही इअर रॉडमधली धातूची कडी चित्रात एकमेकांवर बसलेली दिसली पाहिजेत. एक पुढे, एक मागे दिसत असेल तर किरण आणि डोकं सरळ रेषेत नव्हते. कडी जुळतात, पण खालच्या जबड्याच्या मागच्या कडेच्या दोन ओळींत आडवं अंतर मोठं आहे, तर मान वळली असावी. खालच्या कडेच्या दोन ओळी वर-खाली लांब असतील तर डोकं एका खांद्याकडे कललेलं होतं, किंवा चेहराच दोन्ही बाजूंनी असमान आहे. हे दुसरं कारण विसरू नका, कारण मग समोरून घेतलेला सेफही लागेल. थोडं दुहेरी दिसणं स्वाभाविक आहे. फिल्मपासून दूरची बाजू जास्त मोठी होऊन पडते.

दाढा खरोखर टेकलेल्या दिसतात का? वरच्या आणि खालच्या पहिल्या दाढेमध्ये काळी फट दिसली तर जबडा उघडा आहे, म्हणजेच मागे-खाली फिरलेला आहे, आणि एसएनबी कमी येणार. ही फिल्म मोजू नये.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना, ड्राय थर्मल फिल्म दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेमागे तासभर राहिली तर काळवंडते. ती उष्णतेवरच उमटते, म्हणून उष्णतेनेच बिघडते. केंद्राकडून डिजिटल फाइल मागवावी हे बरं. पण फाइल म्हणजे व्ह्यू बॉक्सवर (फिल्म मागून उजळणाऱ्या प्रकाशपेटीवर) लावलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो नव्हे. फोन थोडा तिरका झाला की चित्राची एक बाजू मोठी होते आणि मग कोनही बदलतात. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या चित्राच्या बाबतीत कडा पुसट होणं हा वेगळाच त्रास. आणि फिल्म छापताना केंद्रातल्या मशीनने ‘पानात बसेल एवढं’ करून छापली असेल तर मिलिमीटरची सगळी मापं गेली. म्हणून चित्रात नाकाच्या आधारकांडीवरची धातूची मोजपट्टी दिसते का हे बघावं. तिचे १० मिमी फिल्मवर किती भरतात हे मोजलं की वाढीचा गुणोत्तर हातात येतो. पट्टी दिसत नसेल तर त्या फिल्मवर फक्त कोन मोजावेत.

ट्रेसिंगचं सामान आणि मांडणी

८ बाय १० इंच मॅट अॅसिटेट कागद, ०.००३ इंच जाडीचा. खरबरीत बाजू वर, कारण पेन्सिल तिच्यावरच धरते. ३एच शिसपेन्सिल किंवा ०.३ मिमीची यांत्रिक पेन्सिल. पेन्सिलची रेघच अर्धा मिमी जाड असेल तर ए पॉइंटवर (वरच्या जबड्याच्या पुढच्या बिंदूवर) अर्ध्या अंशाची चूक नुसत्या रेघेत बसते. व्ह्यू बॉक्स, अर्ध्या अंशाच्या खुणांचा कोनमापक, दोन गुण्या, मास्किंग टेप, आणि फिल्मची उघडी जागा झाकायला काळा पुठ्ठा. हा पुठ्ठा स्वस्त आहे पण त्याची किंमत मोठी: भोवतालचा प्रकाश झाकला की नाकाच्या मुळाशी आणि ए पॉइंटजवळ दिसेनाशी झालेली कड अचानक दिसू लागते. खोलीतले दिवे मंद करा.

चेहरा उजवीकडे तोंड करून ठेवा. फिल्मवर तीन कोपऱ्यांत बारीक अधिकचिन्हं काढा आणि तीच कागदावर उतरवा, म्हणजे टेप सुटून कागद हलला तरी परत त्याच जागी बसवता येतो. टेप कागदाच्या एकाच बाजूला लावा, मग कागद उचलून खालची फिल्म बघता येते. हे सतत करावं लागतं.

आधी मऊ भाग, कपाळापासून हनुवटीच्या खालपर्यंत. मग सेला (कवटीच्या तळातला पिट्युटरी ग्रंथीचा खळगा), कपाळाचं हाड, नाकाचं हाड. डोळ्याच्या खोबणीची खालची कड, कानाचं छिद्र. वरचा जबडा आणि टाळू. खालचा जबडा, हनुवटी, सांधा. शेवटी सगळ्यात पुढचा वरचा आणि खालचा पटाशीचा दात आणि पहिल्या दाढा. जिथे डावी-उजवी अशा दोन ओळी दिसतात तिथे दोन्ही हलक्या हाताने काढून मधोमध तुटक रेघ ओढावी आणि बिंदू तिच्यावर ठेवावेत. स्पष्ट दिसते म्हणून एकच ओळ धरणं ही शिकाऊ माणसाची नेहमीची खोड.

बिंदू: इथे घाई केली की पुढचं सगळं वाकडं

मागावर ताणा वाकडा लागला तर विणकर कितीही कुशल असो, कापड वाकडंच उतरतं, हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. बिंदूंचं तसंच आहे.

सेला, म्हणजे एस: पिट्युटरी ग्रंथी ज्या खळग्यात बसते त्याचा मध्य. तो डोळ्याने अंदाजून ठेवला तरी चालतो. गोल खळग्याचा मध्य माणसाचा डोळा आश्चर्यकारक अचूकपणे पकडतो.

नेझिऑन, म्हणजे एन: कपाळाचं हाड आणि नाकाचं हाड जिथे सांधतात त्या सांध्याचा सर्वात पुढचा बिंदू. काळी बारीक तिरपी रेघ दिसते तिचं पुढचं टोक. पापणीची सावली इथून जाते आणि फसवते. नाकाच्या मुळावरच्या त्वचेचा खळगा म्हणजे नेझिऑन नव्हे, हाडाचा बिंदू त्याच्या आत असतो.

ए पॉइंट हा सगळ्यात त्रासदायक. वरच्या जबड्याच्या पुढच्या काट्यापासून वरच्या पटाशीच्या दाताच्या हाडाच्या कडेपर्यंतच्या वक्र ओळीवर सगळ्यात खोल जागा. वक्र इतका उथळ असतो की वर-खाली दोन-तीन मिमीची चूक सहज होते. पण ती तितकी घातक नाही, कारण रेषा जवळपास उभी असते. पुढे-मागे झालेली चूक घातक. हाड पातळ, एक्स-रे जास्त झाला की जळून जातं, आणि गालाची सावली त्याला समांतर जाते. नवशिका ती गालाची सावलीच हाड म्हणून काढतो आणि ए पॉइंट पुढे सरकतो. हाड दिसतच नसेल तर जुनी युक्ती वापरावी: वरच्या मधल्या पटाशीच्या दाताच्या मुळाची लांबी तीन भागांत विभागा, टोकाकडचा पहिला भाग जिथे संपतो तिथून ओठाच्या बाजूला ३ मिमीवर बिंदू ठेवा, आणि ‘अंदाजे’ असं कागदावर लिहा. दुसरी गोष्ट: उपचारात पटाशीच्या दाताचं मूळ टाळूकडे सरकवलं तर ए पॉइंटही थोडा मागे जातो. तेव्हा उपचारानंतर एसएनए दीड अंशाने कमी झाला म्हणजे वरचा जबडा मागे गेला असं लगेच लिहू नये.

बी पॉइंट त्यामानाने सोपा: खालच्या पटाशीच्या दातांच्या हाडाच्या कडेपासून हनुवटीच्या उंचवट्यापर्यंतच्या वक्रावरची सर्वात खोल जागा. हनुवटीचा सर्वात पुढचा बिंदू पोगोनिऑन, सर्वात खालचा मेन्टन, या दोघांच्या मधला नेथिऑन.

गोनिऑन दिसत नाही, तो बांधावा लागतो. जबड्याच्या मागच्या कडेला एक आणि खालच्या कडेला एक अशा स्पर्शरेषा ओढा, त्यांच्यातल्या कोनाचे दोन समान भाग करा, ती दुभाजक रेषा हाडाला जिथे छेदते तो गोनिऑन.

पोरिऑनसाठी इअर रॉडचं धातूचं कडं वापरू नका. ते रॉड कुठे बसला हे सांगतं, कानाचं छिद्र कुठे आहे हे नाही. हाडाच्या छिद्राची वरची कड शोधा, साधारण सांध्याच्या डोक्याच्या वरच्या टोकाच्या उंचीला ती सापडते. आतल्या कानाच्या लहान गोल छिद्राशी तिची गल्लत होऊ शकते. ऑर्बिटेल म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेचा सर्वात खालचा बिंदू. दोन कडा दिसल्या तर मधला.

कोन, आणि एक मिलिमीटरची किंमत

एस-एन रेषा ओढा. एन-ए आणि एन-बी ओढा. एस-एन-ए कोन वरचा जबडा कवटीच्या तळाच्या मानाने कुठे आहे ते सांगतो, एस-एन-बी खालचा, दोहोंतला फरक एएनबी. स्टायनर यांनी १९५३ मध्ये दिलेले संदर्भ आकडे: एसएनए ८२, एसएनबी ८०, एएनबी २ अंश. व्यवहारात एएनबी ० ते ४ मध्ये असला तर क्लास वन, ४ च्या वर क्लास टू, शून्याच्या खाली क्लास थ्री असं धरतात.

आता किंमत मोजू. प्रौढाच्या फिल्मवर एनपासून एपर्यंत साधारण ५७ मिमी आणि एनपासून बीपर्यंत ९८ मिमी, एस-एन ७० मिमी धरा. ए पॉइंट १ मिमी पुढे ठेवला तर एसएनए पूर्ण १ अंशाने वाढतो. बी पॉइंट १ मिमी पुढे-मागे झाला तर फरक सुमारे ०.६ अंश. सेला १ मिमी खाली ठेवला तर एसएनए आणि एसएनबी दोन्ही ०.८ अंशाने कमी होतात, पण एएनबीला धक्काही लागत नाही.

इथे थोडं थांबा, कारण तोंडी परीक्षेत हे हमखास चुकतं. एएनबी हा एनपाशी असलेला ए आणि बी यांच्यातला कोन आहे. एस त्यात नाहीच. सेला खाली किंवा वर असलेल्या रुग्णात एसएनए आणि एसएनबी दोन्ही खोटे येतात. ते दुरुस्त करायची एक सोपी तऱ्हा आहे: एस-एन आणि फ्रँकफर्ट रेषेतला कोन मोजा. तो साधारण ७ अंश असतो. ११ आला तर ४ अंश जास्त आहेत, ते एसएनएमध्ये आणि एसएनबीमध्ये मिळवा. एएनबी मात्र तोच राहील.

नेझिऑनचं तसं नाही. कपाळाची बाजू लांब असलेल्या रुग्णात नेझिऑन ५ मिमी पुढे आहे असं समजा. जबडे होते तिथेच आहेत. तरी एसएनए ५ अंशांनी आणि एसएनबी सुमारे ३ अंशांनी घटतो, कारण ए एनच्या जवळ आहे आणि बी दूर. एएनबी २ अंशांनी कमी. ५ अंशांचा क्लास टू रुग्ण कागदावर ३ अंशांचा क्लास वन होऊन बसतो. दोन्ही जबडे मिळून मागे-खाली फिरले असतील तर उलटं होतं, एएनबी फुगतो.

विट्स आणि बीटा: दुसरं मत

नेझिऑनचा हा प्रश्न टाळायला जेकबसन यांनी १९७५ मध्ये विट्स मोजमाप मांडलं. नाव दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या लाडक्या संक्षेपावरून आलं आहे. कवटी बाजूला ठेवून दोन्ही जबडे थेट चाव्याच्या रेषेवर तोलायचे.

चाव्याची रेषा काढताना पहिल्या दाढा आणि उपदाढा जिथे एकमेकींवर बसतात त्या जागांच्या मधून ओढा. पटाशीचे दात तिच्यात घेऊ नका. एपासून आणि बीपासून या रेषेवर लंब टाका. लंबांचे पाय एओ आणि बीओ. त्यांच्यातलं अंतर मिमीमध्ये मोजा, एओ पुढे असेल तर अधिक, बीओ पुढे असेल तर उणे. संदर्भ: स्त्रियांत ० मिमी, पुरुषांत −१ मिमी. फिल्म १० टक्के मोठी असेल तर आलेल्या आकड्याला १.१ने भागा.

विट्सची स्वतःची खोड चाव्याच्या रेषेत आहे. ए आणि बी यांच्यात उभं अंतर सुमारे ४० मिमी असतं. रेषा १ अंश कलली की विट्स ०.७ मिमीने हलतो, ३ अंश कलली तर २ मिमी. दुधाचे दात पडून कायमचे येत असलेल्या वयात, उपदाढा अर्धवट बाहेर असताना ही रेषा ओढणं म्हणजे मनाचा कौल घेणंच. तेव्हा दोनदा वेगवेगळ्या दिवशी काढून बघा. आणि ब्रेसेसने चाव्याची रेषा फिरवली तर जबडे न हलता विट्स बदलतो.

बीटा कोन २००४ मध्ये आला. त्याला नेझिऑनही लागत नाही आणि चाव्याची रेषाही नाही. सांध्याच्या डोक्याचा मध्य सी, तिथून बीपर्यंत रेषा. एपासून या रेषेवर लंब टाका. लंब आणि ए-बी रेषा यांच्यातला कोन मोजा. २७ ते ३५ अंश क्लास वन, २७ च्या खाली क्लास टू, ३५ च्या वर क्लास थ्री. अडचण एवढीच की सांध्याचं डोकं धूसर दिसतं.

तीन मापं तीन गोष्टी सांगतात तेव्हा

समजा बारा वर्षांच्या मुलीचा सेफ आहे. एसएनए ८०, एसएनबी ७४, एएनबी ६. म्हणजे वर सांगितलेल्या पाकिटातला कागदच. आता आपण मोजू. एस-एन ते फ्रँकफर्ट ९ अंश, दोन अंश जास्त. दुरुस्त केलेला एसएनए ८२ आणि एसएनबी ७६ येतो. वरचा जबडा ठीक जागी, खालचा मागे. एस-एन ते खालच्या जबड्याची गोनिऑन-नेथिऑन रेषा ४० अंश, संदर्भ ३२. चाव्याची रेषा एस-एनला २२ अंश, संदर्भ १४. विट्स +१.५ मिमी. बीटा २८.

आकड्यांत भांडण आहे: एएनबी म्हणतो स्पष्ट क्लास टू, विट्स आणि बीटा म्हणतात कडेवरचा क्लास वन. आता कुणाचं ऐकायचं? जास्त मतं कुणाची, असा हिशेब करू नका. भांडणाचं कारण शोधा. कारण इथे उभ्या दिशेत आहे. जबड्याची रेषा ८ अंश तीव्र, चाव्याची रेषाही ८ अंश तीव्र. खालचा जबडा मागे-खाली फिरलेला आहे, चेहरा लांब होतो आहे आणि हनुवटी मागे गेली आहे. नेझिऑनपासून फ्रँकफर्ट रेषेला लंब टाकला तर ए पॉइंट १ मिमी मागे आणि पोगोनिऑन १३ मिमी मागे दिसतो. मॅकनामारा यांच्या रीतीत या वयाला पोगोनिऑन ६ ते ८ मिमी मागे असणं अपेक्षित असतं. म्हणजे चेहऱ्यावर हनुवटी खरोखरच मागे आहे. एएनबी खोटा नाही, विट्सही खोटा नाही. एक चेहऱ्याबद्दल बोलतो, दुसरा चाव्याबद्दल.

याचा उपचारावर थेट परिणाम आहे. फक्त एएनबी ६ बघून जबडा पुढे आणणारं आणि मागच्या दाढा वर उगवू देणारं साधन दिलं तर जबडा आणखी खाली फिरेल, हनुवटी आणखी मागे जाईल. आधी उभी वाढ आवरायची, दाढा वर येऊ द्यायच्या नाहीत. वाढ किती शिल्लक आहे हे त्याच सेफवर दुसऱ्या ते चौथ्या मानेच्या मणक्यांच्या आकारावरून बघता येतं. म्हणूनच किरणांपासून वाचवणारा थायरॉईडचा पट्टा गळ्यात इतका वर बांधू नये की चौथा मणका झाकला जाईल. जबड्याच्या वाढीचा जोर मणक्यांच्या आकारावरून ठरणाऱ्या तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याच्या दरम्यान असतो.

उभं माप थोडक्यात

गोनिऑन-नेथिऑन ते एस-एन: ३२ अंश. ट्वीड यांची खालच्या जबड्याची रेषा फ्रँकफर्टला: २५ अंश. दोन्ही मोजा. दोघांत फरक पडला तर बहुतेक वेळा सेला वर-खाली असतो. ट्वीड यांच्या त्रिकोणातले बाकी दोन कोन खालच्या पटाशीच्या दाताचे: खालच्या जबड्याशी ९० आणि फ्रँकफर्टशी ६५. तीन मिळून १८० भरले नाहीत तर कुठेतरी वाचनाची चूक आहे. फुकटात मिळणारी ही पडताळणी कुणी करत नाही.

संदर्भ आकडे कुणाचे?

स्टायनर, डाऊन्स, ट्वीड यांचे आकडे अमेरिकेतल्या गोऱ्या चेहऱ्यांवरून आले. भारतीय चेहऱ्यांत पटाशीचे दात सरासरी थोडे जास्त पुढे झुकलेले आणि ओठ थोडे भरलेले असतात. सोलापुरात एकाच दिवशी मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुलं येतात, सगळ्यांना एकाच साच्यात बसवू नका. वरचा दात एन-ए रेषेला २२ अंशांऐवजी २६ अंश आला आणि ओठ सहज मिटतात, आईचाही चेहरा तसाच आहे, तर ती व्याधी नव्हे. आमच्या मते जबड्यांच्या कोनांना संदर्भ आकडे बरेच लागू पडतात, दातांच्या आणि ओठांच्या मापांना कमी.

सॉफ्टवेअरने ठिपके ठेवले तर

आपोआप बिंदू ठेवणारी सॉफ्टवेअर सेला, मेन्टन, पटाशीच्या दाताचं टोक बऱ्यापैकी धरतात. चुकतात ते पोरिऑन, ऑर्बिटेल, गोनिऑन, आणि दुहेरी कडा असलेल्या जबड्यात. प्रत्येक बिंदूवर झूम करून हाताने तपासा, विशेषतः ए आणि एन. त्याआधी कॅलिब्रेशन: नाकाजवळच्या मोजपट्टीवर दोन टोकं क्लिक करून खरी लांबी लिहा. ही पायरी चुकवली तर सॉफ्टवेअर तरीही मिमी छापतं, बिनधास्त.

आपलीच चूक किती

दहा फिल्म घ्या, मोजा, पहिले आकडे लपवा, आठवड्याने परत ट्रेस करा. दोन वेळच्या एएनबीमधले फरक लिहा. समजा ०.५, ०, १, ०.५, ०, १, ०.५, ०, ०.५, १ आले. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज ४. तिला दोन गुणिले फिल्मची संख्या, म्हणजे २०ने भागा: ०.२. त्याचं वर्गमूळ सुमारे ०.४५ अंश. डाहलबर्ग यांचं हे सूत्र. एएनबीत अर्ध्या अंशापर्यंत चूक चालण्यासारखी आहे. एक अंशाच्या वर गेली तर बहुधा ए पॉइंट दर वेळी वेगळा धरला जातो आहे, मागे जाऊन काळा पुठ्ठा शोधा.

आणि ही चूक माहीत असेल तर मग ‘एएनबी ४.३७ अंश’ असं लिहिण्यात अर्थ उरत नाही. अहवाल असा लिहावा: ‘एएनबी साधारण ६, विट्स +१.५, बीटा २८. खालचा जबडा मागे-खाली फिरलेला, एस-एन ते जबडा ४० अंश. ए पॉइंट स्पष्ट, पोरिऑन अंदाजे. दाढा मिटलेल्या. चित्राची वाढ १० टक्के, पट्टीवरून तपासली.’ खाली तारीख आणि ट्रेसिंग करणाऱ्याची सही. सहा महिन्यांनी उपचाराचा सेफ याच्यावर ठेवून बघायचा आहे, तेव्हा ‘पोरिऑन अंदाजे’ हे दोन शब्द सगळ्यात आधी कामाला येतात.